नंबर जुळला, पण इंजिन जुळलं का?

भाच्याचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. "मामा, कोल्हापुरात एक एमजी टीसी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, निघालीय विकायला. १९४८ ची. मालक म्हणतोय मॅचिंग नंबर हाय. तुम्ही येतासा काय बघायला?"

भाचा बेळगावात टिळकवाडीला डॉक्टर आहे. माणसाचं इंजिन त्याला कळतं, लोखंडाचं कळायला मामा लागतो. माझी तीस वर्षं उद्यमबागेतल्या कारखान्यांत गेली, आधी पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाचे नमुने बनवायला, आणि मग इंजिनाचा फिरणारा दांडा, म्हणजे क्रँक, घासायला. दोन सीटची स्पोर्ट्स गाडी मी कधी चालवलेली नाही, खरं तिच्या पोटातलं लोखंड आणि आपल्याकडच्या पंपाचं लोखंड एकाच पद्धतीनं ओततात.

'मॅचिंग नंबर' हा शब्द हल्ली फार कानावर पडतो, त्याला कारण सरकारी नियम. जुलै २०२१ पासून ५० वर्षांपेक्षा जुन्या मोटारींना आणि दुचाकींना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात आणि ती १० वर्षं चालते. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. तेव्हापासून 'मूळ इंजिन' हे दोन शब्द गाडीच्या किमतीत मिसळले. ते कसं ओळखायचं आणि ओळखल्यावर त्याचं काय करायचं, हे भाच्याला सांगितलं तसंच इथं सांगतो.

मॅचिंग म्हणजे सारखे नव्हे

पहिला गैरसमज हाच. चेसिसवरचा आणि इंजिनवरचा आकडा एकच असला पाहिजे असं लोकांना वाटतं. तसं नसतं. कारखान्यात गाडी तयार होताना चेसिसला एक नंबर पडतो, इंजिनला दुसरा, आणि दोन्ही कारखान्याच्या वहीत एका ओळीत लिहिले जातात. आज गाडीवर असलेली जोडी त्या ओळीशी जुळली तर गाडी मॅचिंग. जॅग्वारसारख्या काही जुन्या गाड्यांच्या वह्या अजून जपलेल्या आहेत. त्यांची वारसा संस्था चेसिस, इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी यांचे मूळ नंबर दाखल्यावर लिहून देते.

म्हणजे नंबर हा जमिनीच्या उताऱ्यासारखा झाला. उताऱ्यावर नाव आहे हे चांगलंच, पण बांधावर जाऊन दगड बघितल्याशिवाय जमीन घेणारा माणूस आपल्याकडं तरी मला भेटलेला नाही.

आपल्या भागात कागदाची आणखी एक गंमत आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, मग म्हैसूर राज्यात गेला, १९७३ मध्ये त्याच राज्याचं नाव कर्नाटक झालं. त्या काळातल्या गाडीचे कागद एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात हातानं उतरवले गेले. उतरवताना इंग्रजी 'एस'चा पाच झाला, 'आय'चा एक झाला, शेवटचा शून्य गळला. म्हणून आरसी बुकातला आकडा इंजिनशी जुळत नाही एवढ्यावर मालकाला चोर ठरवू नका. आणि जुळतो एवढ्यावर साव तर मुळीच नको.

साच्याचा नंबर, ठोक्याचा नंबर

इंजिनावर दोन जातीचे आकडे असतात. एक उठावाचे, बोटाला वर आलेले लागणारे. ते साच्यातूनच येतात, त्यांना कास्टिंग नंबर म्हणतात. त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडावर, तोच आकडा. दुसरे खोलगट, पोलादी ठश्यावर हातोडा मारून उमटवलेले. हा आकडा त्या एकाच इंजिनाचा. पहिलं आडनाव समजा, दुसरं नाव.

अमेरिकन शेव्हर्ले ब्लॉकवर ओतल्याची तारीखसुद्धा असते: महिन्यासाठी एक अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. 'सी १२ ९' म्हणजे १२ मार्च आणि नवात संपणारं वर्ष, समजा १९६९. एवढ्यावर पोरालाही हिशोब करता येतो. ब्लॉक आधी ओतला जाणार, मग इंजिन बांधलं जाणार, मग गाडी. गाडी फेब्रुवारीतली आणि ब्लॉक मार्चमधला असेल तर लेक आईच्या आधी जन्मली म्हणायची!

एमजी टीसीत मात्र घोळ आहे. तिच्या इंजिनाचं नाव एक्सपीएजी. १,२५० सीसी, ५४ अश्वशक्ती. इंजिनाचा नंबर ब्लॉकवर बसवलेल्या अष्टकोनी पितळी पट्टीवर असतो. पट्टी म्हटल्यावर ती निघते, आणि निघते म्हणजे दुसऱ्या ब्लॉकवर बसते. याच घराण्यातलं इंजिन एमजीच्या वाय सलून गाडीत होतं, वूल्झली ४/४४ मध्येही होतं. ते ब्लॉक टीसीत घालता येतात, आणि जगभर घातलेही गेलेत.

म्हणून मी भाच्याला तीन शब्द दिले. त्या गाडीसोबतच आलेला तो *घरचा* पार्ट. त्याच काळातला, त्याच घराण्यातल्या दुसऱ्या गाडीचा तो *भावकीतला*. आणि नंतर कुणी बनवलेली ती *नक्कल*. विकणारे तिन्हींना 'ओरिजिनल' म्हणतात. भावकीतला पार्ट वाईट नसतो, पण घरच्याचा भाव त्याला देऊ नये.

आकडा खोटा कसा पाडतात

ठश्यांचा संच बाजारात मिळतो. जुना आकडा घासायचा, नवा ठोकायचा, वर तेलकट मळ फासायचा. दहा मिनिटांचं काम. पकडायचं असेल तर आकड्याकडं बघू नका, आकड्याखालच्या पृष्ठभागाकडं बघा. कारखान्यात तो भाग मोठ्या यंत्रावर कापलेला असतो आणि त्या कापणीच्या बारीक, समांतर रेषा धातूवर राहतात. शेव्हर्लेच्या कॉर्व्हेट गाडीच्या ब्लॉकवर जाणकार आधी याच रेषा शोधतात. ग्राइंडर फिरला की त्या जातात, आणि सँडपेपरनं परत आणल्या तरी त्या सरळ येत नाहीत.

ठश्याखालचा धातू दाबला जातो. त्यामुळं पोलादावर आकडा घासून काढला तरी आम्ल लावल्यावर तो पुसट वर येऊ शकतो. पोलिसांच्या प्रयोगशाळा हीच युक्ती वापरतात. बिडावर, म्हणजे ओतीव लोखंडावर, ती तेवढी साधत नाही, आणि ब्लॉक तर बहुधा बिडाचाच.

"आकडाच नाही म्हणजे लफडं असणार," असं लगेच म्हणू नका. शेव्हर्लेच्या ब्लॉकवर नंबराची जागा हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, बसतं त्याच पातळीत असते. हेड गॅस्केट परत परत जळतं म्हणून कुणी प्रामाणिक मेस्त्री ब्लॉकचं फेसिंग करतो, वरून अर्धा मिलिमीटर घेतो, आणि चिप्सबरोबर गाडीचा इतिहासही झाडून जातो. आमच्या शेडमध्ये असे किती नंबर गेले असतील! तेव्हा कुणाला त्याचं काय होतं? आता मशीनवर चढवायच्या आधी नंबराचा फोटो काढा आणि तेवढी जागा सोडून काम करायला सांगा. नंबर घासून दुसरा ठोकणं हा मामला मात्र पोलिसांत जातो, आणि इंजिन बदलायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरटीओची परवानगी लागते.

धातूला विचारा

माझा खरा भरवसा इथं. आकडा कुणीही ठोकेल, पण ओतीव काम खोटं करायचं म्हणजे फौंड्री लागते, आणि फौंड्रीचं काम आपल्या खुणा ठेवून जातं.

बेळगावच्या माणसाला हे सांगायला लागू नये. १८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचं दुकान काढलं ते याच गावात. चारा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर इथंच सुरू झाले. १९१० मध्ये ते कुंडलच्या माळावर गेले. आज उद्यमबाग, मच्छे आणि पलीकडं कोल्हापूरची शिरोली इथं घरटी एक माणूस तरी वाळू, कोअर आणि पॅटर्न या शब्दांवर वाढलेला असतो.

तर मुद्दा असा. वितळलेला धातू थंड होताना आकसतो. बीड साधारण शंभराला एक, ॲल्युमिनियम शंभराला सव्वा ते दीडच्या मध्ये. म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टी, श्रिंकेज स्केल, मुद्दाम लांब आखलेली असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा मोठा. नक्कल करणारा बहुतेक वेळा नवा पॅटर्न बनवत नाही, ते महाग पडतं. तो जुना पार्टच वाळूत दाबतो, त्याचा ठसा घेतो आणि ओततो. तयार होतो तो पार्ट मूळ पार्टापेक्षा आकसलेला. ४०० मिलिमीटरचा बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे धूर बाहेर नेणारा नळ्यांचा जोड, चार मिलिमीटर आखूड भरतो. बोल्टची भोकं जुळत नाहीत, मग कानस घेऊन ती लांबट करतात.

कोल्हापूरच्या त्या टीसीत मी आधी हवा-पेट्रोल आत नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डखाली बॅटरी मारली. ॲल्युमिनियमचा, चकचकीत. कडेच्या स्टडची दोन्ही भोकं वाटोळी नव्हती, हरभऱ्यासारखी एका बाजूला ओढलेली होती. वॉशर मात्र छान मोठे घातलेले, भोक झाकायला. मालक म्हणाला, "ओरिजिनल आहे, वडिलांच्या काळापासनं." वडिलांनी फसवून घेतलं असेल, मी वाद घातला नाही.

अक्षरंही बघा. मूळ कास्टिंगवर अक्षरांच्या कडा धारदार असतात. ठश्यावरून ठसा घेतला की त्या विरघळलेल्या साबणासारख्या होतात.

ओतीव की घडीव, म्हणजे घणाखाली ठोकून घडवलेला, हेही कळतं. क्रँकच्या अंगावर एक रेषा असते, साच्याच्या दोन अर्ध्या भागांच्या सांध्याची. ओतीव क्रँकवर ती दोऱ्यासारखी बारीक. घडीव क्रँकवर बोटाएवढी रुंद, घासून काढलेली, कारण तिथं घणाखाली दबलेलं जास्तीचं लोखंड कापलेलं असतं. एक्सपीएजीचा क्रँक घडीव पोलादाचा आहे. दोऱ्यासारखी रेघ दिसली तर प्रश्न विचारायचे.

आणि बोल्ट. एक्सपीएजीइतकं विचित्र इंजिन मी दुसरं पाहिलं नाही. ब्रिटिश इंजिन, खरं आटे मिलिमीटरमधले! कारण मजेशीर आहे. पहिल्या महायुद्धात हॉचकिस या फ्रेंच कंपनीनं कोव्हेंट्रीत मशिनगनचा कारखाना काढला. १९२३ मध्ये एमजी ज्या घरातली त्या मॉरिसनं तो घेतला, फ्रेंच यंत्रांसकट. यंत्रं आटे कापणार फ्रेंच, पण ब्रिटिश मेस्त्र्यांच्या हातात पाने व्हिटवर्थचे, म्हणजे ब्रिटिश इंची मापाचे. म्हणून आटे मेट्रिक आणि बोल्टचं डोकं इंची, अशी खिचडी शिजली. आता आपल्याकडं काय होतं बघा. ८ मिलिमीटरचा बोल्ट हरवतो. मेस्त्री अडीच सुताचा, म्हणजे ५/१६ इंची, लावून बघतो. तो ७.९४ मिलिमीटर, अगदी बसल्यासारखा वाटतो. पण मूळ आट्यांतलं अंतर १ मिलिमीटर, आणि ५/१६ च्या ब्रिटिश बारीक आट्यांचं १.१५. दोन फेरे गोड जातो, तिसऱ्याला ब्लॉकचे आटे खातो. त्या टीसीच्या टायमिंग कव्हरवर असे तीन बोल्ट होते. विचित्र आटे असलेलं भोक शाबूत सापडलं तर खूश व्हा, तिथं कुणी हात घातलेला नाही.

"मग नवीनच पार्ट घालावा की!"

भाच्याच्या बायकोचा प्रश्न, आणि चुकीचा नाही. नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवे बेअरिंग मिळतात आणि तेच घालावेत. ब्लॉक, क्रँक, हेड यांची गोष्ट वेगळी. ते झिजण्यासाठी बनवलेले नसतात, झिजल्यावर परत तासता यावेत म्हणून बनवलेले असतात.

जातं आठवा. दळून दळून त्याची पाळू गुळगुळीत होते, मग पाथरवट बोलावून टाकी लावून घेतात. दगड तोच, तोंड नवं. सिलिंडरचं बोअरिंग, म्हणजे पिस्टन फिरतो ते भोक परत कापणं, ही ब्लॉकला लावलेली टाकी. एक्सपीएजीचं मूळ बोअर ६६.५ मिलिमीटर. झिजलं की थोडं मोठं कापायचं आणि तेवढा ओव्हरसाइज पिस्टन घालायचा. क्रँकचं उलटं: जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा त्याचा भाग, घासून बारीक करायचं आणि जाड बेअरिंग बसवायचं. आमच्या भाषेत दहा साइज, वीस साइज, तीस साइज. म्हणजे इंचाचे हजारावे भाग.

प्रत्येक टाकीला दगड पातळ होतो, तसाच ब्लॉकही. पण इंजिनाला एक सोय आहे जी जात्याला नाही. बोअर फार मोठं झालं तर आत लायनर, म्हणजे बिडाची नळी, ठोकून परत मूळ मापावर आणता येतं. भाच्याच्या इंजिनाचं बोअर मोजलं तर ६८. आधीच्या कुणीतरी दीड मिलिमीटर खाऊन टाकलेलं. चार लायनर घातले, परत ६६.५. ब्लॉक तोच राहिला.

जुना पार्ट मोडणार नाही कशावरून?

खानापूरचं मडकं घेताना बाई काय करते? बोटानं वाजवते. टण वाजलं तर घेते, भद वाजलं तर ठेवते. क्रँकचंही तसंच. दोरीला टांगून हलका हातोडा मारला की घडीव, धड क्रँक घंटेसारखा गुंजत राहतो. भद आवाज म्हणजे तडा असू शकतो. मात्र ही फक्त पहिली चाळणी, यावर भरवसा ठेवून कुणी इंजिन बांधू नये.

धातू एका झटक्यात क्वचित मोडतो. तार वीस वेळा वाकवली की एकविसाव्याला तुटते, तसा तो थकतो, आणि थकल्याची खूण म्हणजे केसाएवढा तडा. तो शोधायची जुनी पद्धत घासलेट आणि खडू. पार्ट घासलेटात भिजवायचा, कोरडा पुसायचा, खडूची पूड चोळायची. तड्यात शिरलेलं घासलेट हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. याहून पक्कं हवं तर पार्टाला चुंबकत्व देऊन लोहकण मिसळलेलं द्रव सोडतात. तड्यापाशी कण रांग धरतात. ॲल्युमिनियमला चुंबक धरत नाही, त्याला लाल रंग भिनवून पांढरी पावडर मारतात. क्रँक आणि पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडसाठी चुंबकाची तपासणी कराच. हजार-दोन हजार वाचवायची जागा ही नव्हे.

ब्लॉकला बाहेरून तडा असला म्हणजे तो भंगारात गेला असंही नाही. थंडपणे टाके घालता येतात: तड्यावर ओळीनं भोकं पाडून एकमेकांत अडकणारे स्क्रू आणि आडव्या कड्या बसवतात, गोधडीसारख्या. उष्णता नाही म्हणून बीड आणखी फुटत नाही.

कनेक्टिंग रॉडचे बोल्ट, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, टायमिंग चेन, रबर आणि गॅस्केटं हे सगळं जुनं कितीही अस्सल असलं तरी परत घालायचं नाही.

एवढं बदलल्यावर ओरिजिनल उरलं काय?

तांब्याच्या हंड्याला दरवर्षी कल्हई लागते. म्हणून आजीचा हंडा आजीचा राहत नाही का? रिंगा आणि बेअरिंग ही कल्हई. ब्लॉक, हेड, क्रँक हा हंडा. नवा ब्लॉक आणून त्यावर जुनी पितळी पट्टी ठोकली तर मात्र तो आजीच्या नावाचा स्टीलचा डबा झाला. माझं मत कडक आहे हे मान्य. पण पट्टी भावकीतल्या ब्लॉकवर बसली असेल आणि विकणारा तसं तोंडानं सांगत असेल, तर त्याच्याशी माझं भांडण नाही.

आणि पेट्रोल?

हेही लोक विचारतात, कारण आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. चिक्कोडी-हुक्केरीच्या उसातून निघालेलं इथेनॉलही त्यात असणार, त्यामुळं इथं कुणी त्याविरुद्ध फार बोलत नाही. ब्लॉकला आणि क्रँकला त्याचा त्रास नाही. त्रास आहे जुन्या रबरी नळ्यांना, कॉर्कच्या सीलना आणि कार्ब्युरेटरला; इथेनॉल पाणी ओढतं आणि महिनोनमहिने उभ्या गाडीत गंज धरतो. नळ्या आणि सील इथेनॉल सोसणारे घाला. दुसरी गोष्ट शिशाची. २००० सालापासून आपल्याकडं शिसं मिसळलेलं पेट्रोल बंद आहे. बिडाच्या जुन्या हेडमध्ये व्हॉल्व्ह थेट बिडावर आपटतो, आणि शिसं तिथं उशीसारखं काम करायचं. हेड उघडलंच आहे तर कडक पोलादी सीट बसवून घ्या. बाहेरून दिसत नाही आणि हेड मूळचंच राहतं.

भाच्यानं गाडी घेतली. मॅनिफोल्डची भोकं आणि टायमिंग कव्हरचे आटे दाखवून भाव बराच खाली आणला. पट्टीबद्दल मी खात्री दिली नाही. ब्लॉक घरचा की भावकीतला हे मला अजून ठरवता आलेलं नाही. इंजिन सुटं करून शेडमध्ये आणलं. चार रॉड घासलेटात ठेवले, पुसले, खडू चोळला आणि चहाला गेलो. परत आलो तेव्हा तीन पांढरेशुभ्र होते. चौथ्याच्या मानेवर नखाएवढी ओली रेघ.

"टाकून देऊ काय मामा?" भाच्यानं विचारलं. मी रॉडला तार बांधली, पुठ्ठ्यावर 'वापरू नये' लिहिलं, खाली गाडीचा नंबर घातला, आणि ग्राइंडिंग मशीनमागच्या खिळ्याला टांगला. भावकीतला एक रॉड मिळेल कुठंतरी. वजन जुळवून घ्यायला लागेल तेवढं.